कारचे ब्रेक चिरकतात? पॅड बदलण्याआधी आवाजाचा माग असा काढा

ब्रेक वाजायला लागले की बरेच जण थेट नवे पॅड टाकून मोकळे होतात. काही दिवस शांततेत जातात आणि मग तोच चिरका आवाज पुन्हा सुरू होतो. पॅड हा त्या आवाजातला एक भाग असतो, पण दर वेळी दोष त्याचाच असतो असं नाही. पॅड ज्या क्लिपांमध्ये बसतात त्या क्लिपा, कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कचा पृष्ठभाग, कुठेतरी अडकलेला खडा, यातलं काहीही वाजू शकतं. माझ्या गाडीचे ब्रेक मी स्वतः बघतो, आणि नव्याने हे काम हातात घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी ऐका, मग बघा, मग मोजा, आणि सुटा भाग सगळ्यात शेवटी विकत घ्या.

आवाज मुळात का होतो हे दोन मिनिटांत समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. खडू फळ्यावर चुकीच्या कोनात धरला की कसा किंचाळतो, तसंच इथे होतं. दाबलेला पॅड डिस्कवर सलग घासत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडलं की पॅड आणि कॅलिपर थरथरतात, आणि डिस्क मोठी व सपाट असल्यामुळे ती थरथर मोठ्या आवाजात बाहेर पडते. म्हणजे उपाय तीनच प्रकारचे: थरथर सुरूच होऊ न देणं, झालीच तर ती जिरवणं, आणि जे सैल किंवा जाम झालंय ते ठीक करणं.

## १. सगळ्यात आधी ठरवा: गाडी चालवायची की उभी करायची

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, पण काही आवाजांवर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. खाली दिलेल्यांपैकी काहीही दिसलं तर गाडी उभी करा आणि टो करून न्या:

- ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर, आणि ती पायाला पेडलमध्येही जाणवणं. याचा अर्थ पॅडचं लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) संपलंय आणि मागची लोखंडी पट्टी डिस्क कापतेय.
- पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, स्पंजासारखं मऊ लागणं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकणं.
- ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाणं.
- डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा (हँडब्रेक पूर्ण सोडलेला असताना).
- चाकाच्या आतल्या बाजूला ओल, किंवा चाकातून जळका वास आणि धूर.

यातलं काही नसेल आणि फक्त चीं असा बारीक आवाज असेल तर शांतपणे तपासायला वेळ आहे. वेळ आहे म्हणजे महिनाभर ढकलायला आहे असं मात्र नाही.

## २. आवाज कधी येतो ते नीट टिपून ठेवा

या पायरीला हत्यार लागत नाही, म्हणून ती सगळे गाळतात. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. एक कागद घ्या आणि हे लिहा: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही? सकाळी पहिल्यांदा गाडी काढल्यावर की बरंच अंतर चालवल्यावर? हलका दाबल्यावर की जोरात? पुढे जाताना की रिव्हर्समध्येही? वळताना बदलतो का?

आवाजाची दिशा कळण्यासाठी एखाद्या लांब भिंतीलगत काचा खाली करून अगदी हळू गाडी चालवा आणि हलके ब्रेक लावा. भिंतीवरून आवाज परत कानावर येतो आणि पुढचं चाक की मागचं, हे बऱ्यापैकी कळतं. मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीकडे करा. मागच्या चाकांचा संशय असेल तर मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूच किंचित वर घ्या. आवाज तेव्हाही आला तर शोध मागे घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नका.

आता टिपणं आणि कारणं जुळवू.

फक्त सकाळी किंवा गाडी धुतल्यावर, पहिल्या चार-पाच ब्रेकपुरता. डिस्क बिडाची असते आणि ओलाव्याने तिच्यावर रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो. पॅड तो थर खरवडून काढतात तेवढाच हा आवाज. दुरुस्ती काही नाही. गाडी पाण्याखाली धुतली असेल तर उभी करण्याआधी थोडी चालवून, हलके ब्रेक लावून डिस्क कोरडी करा.

चालताना सतत बारीक शीळ. ब्रेक दाबल्यावर बदलते किंवा थांबते. पहिला संशय वेअर इंडिकेटरवर. बऱ्याच पॅडना एक लहान पोलादी पत्ती असते. लायनिंग २ ते ३ मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. ही बिघाडाची नव्हे, पॅड बदलायची वेळ झाल्याची खूण आहे. काही गाड्यांत मात्र हीच पत्ती ब्रेक दाबल्यावर जास्त वाजते, म्हणून नुसत्या आवाजावर न जाता पॅडची जाडी बघाच.

अचानक सुरू झालेली कर्कश खरखर, ब्रेकशी संबंध नाही. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे घडलं असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात, म्हणजे डस्ट शील्डमध्ये, खडा अडकलेला असतो. आवाज इतका भयानक असतो की माणूस इंजिनपर्यंतचा विचार करतो. मोकळ्या जागेत हळूहळू रिव्हर्स घेतल्यावर खडा कधी कधी आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा हाताने किंचित बाहेर वाकवा, खडा काढा आणि पत्रा डिस्कला टेकत नाही ना ते चाक फिरवून बघा.

हलक्या ब्रेकवर, गाडी थांबता थांबता लांब चीं. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. पॅडचा पृष्ठभाग तापून गुळगुळीत, चकचकीत झालेला असतो (याला ग्लेझिंग म्हणतात), क्लिपा सैल झालेल्या असतात, किंवा पॅडच्या मागची जागा कोरडी पडलेली असते. मेटलचं प्रमाण जास्त असलेले सेमी-मेटॅलिक पॅड मुळातच ऑरगॅनिक किंवा सिरॅमिक पॅडपेक्षा जास्त वाजतात, हेही लक्षात ठेवा.

ब्रेक न दाबता घुमणारा आवाज, वळताना कमी-जास्त होणारा. हा ब्रेकचा नाहीच. व्हील बेअरिंग तपासा.

खड्ड्यात टकटक, ब्रेक हलका दाबला की बंद. पॅड आपल्या जागेत सैल आहेत. क्लिपा गेल्या आहेत किंवा मागच्या कामात कुणीतरी बसवल्याच नाहीत.

## ३. साहित्य जमवा

मधेच एखादी वस्तू नाही म्हणून गाडी जॅकवर सोडून जावं लागणं ही वाईट वेळ. आधी सगळं जवळ घ्या:

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल, आणि मिळालं तर सर्व्हिस मॅन्युअल (टॉर्क म्हणजे नट-बोल्ट किती जोराने आवळायचे त्याचे आकडे, जॅक लावायच्या जागा, डिस्कची किमान जाडी यासाठी)
- जॅक, दोन जॅक स्टँड म्हणजे घोड्या, आणि चाकाखाली लावायला ठोकळे
- व्हील पाना, सॉकेट सेट, टॉर्क रेंच
- सी-क्लॅम्प किंवा पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलायचं हत्यार
- ब्रेक क्लीनरचा स्प्रे, तारेचा ब्रश, चिंध्या
- स्लाइड पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, आणि पॅडच्या टेकणाऱ्या जागांसाठी उच्च तापमानाचं ब्रेक ग्रीस
- मायक्रोमीटर, साधी पट्टी, टॉर्च
- चांगला मास्क, हातमोजे, चष्मा
- कॅलिपर टांगायला मजबूत तार

ग्रीसच्या बाबतीत कंजुषी नको आणि पर्यायही नको. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं. बेअरिंगचं साधं ग्रीस स्लाइड पिनला लावलं तर काही महिन्यांत तिथलं रबर फुगून पिन जाम होते, आणि ज्या आवाजासाठी हे काम काढलं तो दुपटीने परत येतो.

## ४. गाडी उचला, चाक काढा

जमीन सपाट आणि कडक हवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये) ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि उचलायच्या टोकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना ठोकळे लावा. मागची चाकं खोलायची असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर चालतो. अशा वेळी पुढच्या चाकांचे ठोकळे हाच आधार, ते पक्के लावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीत हात घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. तो आणखी एक आधार.

एका वेळी एकाच बाजूचं खोला. दुसरी बाजू तशीच राहिली की कुठली क्लिप कशी होती ते बघायला नमुना समोर असतो. खोलण्याआधी फोनवर फोटो काढाच.

## ५. बघा आणि मोजा

चाक निघालं की लगेच स्प्रे मारू नका. धूळ, गंज, ग्रीसचे डाग हे सगळे पुरावे आहेत.

पॅडची जाडी. नव्या पॅडचं लायनिंग साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं. ३ मिलिमीटरपर्यंत आलं की बदला. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. वरवर बघून "अजून बराच आहे" म्हणणारे पुष्कळदा त्या पट्टीसकट मोजत असतात. आणि बाहेरचा पॅड दिसतो म्हणून तेवढाच बघू नका. आतला पॅड बऱ्याचदा आधी संपतो.

दोन पॅडमधला फरक. ही मला सगळ्यात बोलकी खूण वाटते. एकाच चाकातला आतला आणि बाहेरचा पॅड जवळपास सारखे झिजायला हवेत. आतला खूपच पातळ असेल तर पिस्टन नीट मागे येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा उतरता झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे किंवा पॅड आपल्या खाचेत अडकलाय. अशा ठिकाणी फक्त नवे पॅड टाकणं म्हणजे नवे पॅडही वाकडे झिजवणं.

डिस्क. नखाने पृष्ठभागावर आडवी रेघ ओढा. नख अडकेल इतक्या खोल चरा असतील, निळसर तापल्याचे डाग असतील किंवा तडे असतील तर डिस्क बदलायच्या यादीत घाला. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या टोपीवर कोरलेला असतो. जाडी मायक्रोमीटरने मोजा, आणि डिस्कवर चार-पाच जागी मोजा. व्हर्नियर या मापकाचे जबडे डिस्कच्या कडेच्या उंचवट्यावर बसतात आणि आहे त्यापेक्षा जास्त जाडी दाखवतात, म्हणून इथे तो फसवतो. ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसल्याची शक्यता मोठी.

ब्रेक ऑइल. बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते, हे स्वाभाविक आहे. इथला सापळा असा: पातळी कमी दिसली म्हणून आधीच भरून ठेवायची, आणि मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल उतू जाऊन रंगावर सांडतं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग उचलून काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

## ६. कॅलिपर खोला, आणि स्लाइड पिनांना वेळ द्या

तरंगत्या, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या, कॅलिपरला मागच्या बाजूने दोन बोल्ट असतात. सहसा खालचा एक काढला की कॅलिपर वरच्या पिनवर बिजागरीसारखा उघडतो. पिना तपासायच्या असतील तर दोन्ही काढा. सुटलेला कॅलिपर रबरी होजवर लोंबकळू देऊ नका. तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजला बाहेरून काही दिसत नाही, पण आतून ती फाटू शकते.

आता पिना. एकेक पिन रबरी बूटमधून ओढून काढा. चांगली पिन बोटांनी सहज फिरते, सरकते आणि तिच्यावर ग्रीसचा पातळ, ओलसर थर असतो. बिघडलेली पिन ओढायला जोर लागतो. बाहेर आल्यावर तिच्यावर कडक झालेल्या जुन्या ग्रीसची तपकिरी खपली दिसते, आणि एका बाजूला गंजाचे खडबडीत ठिपके. बहुधा त्याच बाजूचा बूट कुठेतरी चिरलेला असतो, कारण पाणी तिथूनच आत गेलेलं असतं. बूट उलटसुलट वाकवून बघा. चीर ताणल्याशिवाय दिसत नाही.

खपली कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, पिनेचं भोकही साफ करा. गंजाने खड्डे पडले असतील तर पिन घासून वापरू नका, नवी घाला. बूटसकट संच मिळतो. सिलिकॉन ग्रीस पातळच लावा. भोकात कोंबून भरलं तर हवा अडकते आणि पिन पूर्ण आत बसत नाही. काही कॅलिपरमध्ये एका पिनेला रबरी बाही असते आणि दुसरीला नसते. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

ब्रेकच्या आवाजाची तक्रार घेऊन गेल्यावर ही पिनांची साफसफाई अनेकदा होतच नाही, कारण तिला वेळ लागतो आणि बाहेरून ती दिसत नाही. म्हणून मी म्हणतो, बाकी काही केलं नाही तरी हे करा.

पिस्टनही बघा. त्याच्या भोवतीचा रबरी पडदा अखंड हवा, ओल नको. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा; पिस्टन एकसारखा आत गेला पाहिजे. दाबताना टाकीच्या पातळीवर लक्ष ठेवा. दोन सूचना इथे फार महत्त्वाच्या आहेत. मागे डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असतो आणि तिथला पिस्टन दाबून नाही, फिरवत आत न्यावा लागतो. आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅन टूलने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावावा लागतो. तो न लावता जोर केला तर मोटर तुटते. पिस्टन हलतच नसेल तर कॅलिपरचं काम जाणकाराकडे द्या.

## ७. साफ करा, ग्रीस लावा

मास्क घाला. ब्रेकच्या धुळीवर हवेचा पाइप मारायचा नाही, कोरडा ब्रशही नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नव्यांची धूळही फुफ्फुसांना चांगली नाही. आधी ब्रेक क्लीनरने ओलं करा, मग पुसा.

पॅड ज्या खाचांत सरकतात तिथल्या पोलादी क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. क्लिपेखाली गंज फुगला की खाच अरुंद होते, पॅड अडकतो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला टेकून राहतो. क्लिपा जुन्या असतील तर नव्याच घाला.

ब्रेक ग्रीस फक्त इथे लावायचं: पॅडचे दोन्ही कान, म्हणजे टोकांना बाहेर आलेले भाग, जिथे क्लिपेत सरकतात तिथे, आणि पॅडच्या पाठीवर जिथे पिस्टन व कॅलिपरचे पंजे टेकतात तिथे. थर इतका पातळ की खालचं लोखंड दिसावं. पॅडच्या पाठीवर शिम नावाची पातळ पत्री असते. थरथर जिरवणं हेच तिचं काम. ती निघाली किंवा वाकली असेल तर बदला, काढून फेकू नका. काही पॅडना शिम चिकटवलेली असते आणि कंपनी तिच्यावर ग्रीस लावू नका असं सांगते. पॅडच्या खोक्यावरची सूचना वाचा.

लायनिंगला किंवा डिस्कला ग्रीस, तेल, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही लागता कामा नये. आवाज बंद करायला डिस्कवर तेलाचा फवारा मारणारे लोक आहेत. आवाज बंद होतो हे खरं, पण त्याबरोबर ब्रेकही जातो. लायनिंगने तेल शोषलं असेल तर तो पॅड धुऊन चालत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

पॅड जाड आहेत पण चकचकीत झाले आहेत, अशा वेळी सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून पॅड त्यावर आठच्या आकड्यात हलके फिरवा. चकाकी जाऊन मॅट पृष्ठभाग दिसला की थांबा. हा उपाय टिकतो, पण तापण्याचं कारण तसंच राहिलं तर काही आठवड्यांत चकाकी परत येते. म्हणून ग्लेझिंग दिसलं की पिना आणि पिस्टन दुसऱ्यांदा तपासा.

## ८. नवे पॅड बसवताना

पॅड नेहमी जोडीने, म्हणजे एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी ओढली जाते. आतला-बाहेरचा, डावा-उजवा यात फरक असू शकतो. वेअर इंडिकेटरची पत्ती आणि पाठीवरचा बाण बघून बसवा. कडा तिरक्या कापलेले आणि मध्ये खाच असलेले पॅड कमी वाजतात, घेताना तेवढं पाहून घ्या. जुन्या पॅडला सेन्सरची वायर असेल तर नव्यालाही हवी.

नव्या डिस्कवर गंजापासून जपायला तेलाचा लेप असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा. पुसेपर्यंत पॅड लावू नका.

## ९. मागे ड्रम असतील तर

ड्रम काढताना हँडब्रेक सोडलेला हवा. तरी निघत नसेल तर ॲडजस्टर (शूंमधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) मागे फिरवून शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या लायनिंगच्या पट्ट्या, आत घ्या, हातोड्याने ठोकत बसू नका. आत बहुतेक वेळा धूळ साठलेली असते आणि तीच किरकिरते. ओलं करून साफ करा. मग बॅकिंग प्लेटवरचे (शूंमागच्या स्थिर पत्र्यावरचे) ते उंचवटे शोधा ज्यांच्यावर शूच्या कडा सरकतात. तिथे घासून चमकणारे ठिपके दिसतील. तेच कोरडे पडलेले असतात. शू किंचित उचलून त्या प्रत्येक ठिपक्यावर ब्रेक ग्रीसचा बिंदू लावा. व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) रबराखाली ओल दिसली तर काम तिथेच थांबवा. सिलिंडर गळतोय आणि तो आधी बदलायला हवा. स्प्रिंगा खोलायचा पहिलाच प्रसंग असेल तर ड्रमच्या आतलं काम शेजारी जाणकार असताना करा.

## १०. जोडणी, आणि चावी फिरवण्याआधीची गोष्ट

कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. चाकाचे नट बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांत ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, पण आकडा आपल्या गाडीचाच घ्या. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट याच्या बरेच कमी टॉर्कचे असतात. चाकाच्या ताकदीने आवळले तर आटे जातात. चाकाचे नट एकाआड एक, ताऱ्याच्या क्रमाने आवळा. कमी-जास्त आवळल्याने डिस्क तिरकी बसते आणि पेडल धडधडायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जागेवरून हलवण्याआधी ब्रेकचं पेडल अनेक वेळा दाबा, ते कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकलल्यावर पहिले काही दाब तो पॅडपर्यंत पोचवण्यातच जातात. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिला ब्रेक लागतच नाही. पेडल कडक झाल्यावर टाकीतली पातळी बघा, इंजिन सुरू करून पेडल पुन्हा तपासा, आणि मगच हळूच पुढे घ्या.

ऑइल भरायचं असेल तर झाकणावर लिहिलेलंच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकोलवर आधारित असतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते यांच्यात मिसळत नाही. नावात साधर्म्य असलं तरी डॉट ५.१ हे ग्लायकोलचंच आहे. उघड्या बाटलीतलं जुनं ऑइल वापरू नका, ते हवेतला ओलावा शोषतं आणि लवकर उकळायला लागतं.

## ११. पॅड बसवून घ्या

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर जुळायला वेळ घेतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा, आणि असं आठ-दहा वेळा करा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. तापलेल्या ब्रेकवर गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नका, पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. शेवटी काही किलोमीटर हळू चालवून ब्रेक थंड होऊ द्या. पहिले २००-३०० किलोमीटर कचकन ब्रेक लावायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. या काळात थोडा वास किंवा हलकी खसखस आली तर घाबरू नका.

## १२. तरीही वाजत असेल तर

थोडी चालवल्यावर गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, लावू नका. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय: पिस्टन, पिन, किंवा आतून बंद झालेली होज. चारही सारखी असतील आणि ब्रेक जोरदार लागत असेल, फक्त हलक्या दाबावर चीं येत असेल, तर पॅडचा कंपाउंड, म्हणजे लायनिंगचं मिश्रण, त्या डिस्कशी जुळत नसावा. मग दुसऱ्या प्रकारचे, शक्यतो गाडीच्या कंपनीने सांगितलेले पॅड घालून बघणं हा सरळ मार्ग.

गॅरेजमध्ये जायची वेळ आली तर "ब्रेक वाजतात" एवढंच सांगू नका. दुसऱ्या पायरीतला कागद पुढे ठेवा: कुठलं चाक, गरम की थंड, हलका दाब की जोराचा, पुढे की रिव्हर्स. पॅडची मोजलेली जाडी सांगा, आणि स्लाइड पिना काढून साफ करायला स्पष्ट शब्दांत सांगा. काढलेले जुने पॅड परत मागून घ्या. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघितला की काम मुळाशी जाऊन झालंय का, ते तुमचं तुम्हालाच कळतं.

स्वतः काम केलं असेल तर साधारण १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्याच वेळी टाकीतली पातळी आणि कॅलिपरभोवती ओल आहे का ते बघा, आणि दोन्ही बाजूंच्या पॅडची जाडी तारखेसह लिहून ठेवा.